धाकटीचा शुक्रवार

थोरलीच्या पोटात दुखत होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच आडपडदा कशाला? गोळी घेऊन थांबेल असलं ते दुखणं नव्हतंच. वरच्या मजल्यावर धाकट्या जावेच्या फ्रिजवर नवं चित्र लागलं, की ते उठायचं. चित्रात एक बाई, तिच्या हातात मोजा, मोज्याला दोन डोळे, आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत ‘आमच्या लाडक्या लेखिका’. लाडक्या म्हणे! थोरली साखर मागायला वर गेली होती, ती साखर न घेताच खाली आली आणि चहा बिनसाखरेचा प्यायली.

आता घरातली लेखिका कोण, तर थोरली. निदान इतकी वर्षं तरी तीच होती. ‘जिन्यावरचं कासव’ तिचं, ‘घोरणारा पंखा’ तिचं, आणखीही बरीच. एकेक वाक्य दहा वेळा खोडून लिहायची सवय. आणि धाकटी? धाकटी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसायची. फोन घ्यायची, पेशंटना वेळ द्यायची. तिथं रडणाऱ्या पोरांना गप्प करायला तिनं एक गोष्ट रचली, डॉक्टरीणबाईंनी ती हौसेनं छापून दिली, आणि झालं! ‘दाढोबा निघाले फिरायला’. थोरलीनं ते पुस्तक एकदाच वाचलं. “छान जमलंय हं,” असं म्हणताना तिची स्वतःचीच दाढ ठणकली.

पण शाळेत बोलावणं कुणाला? धाकटीला. शुक्रवारी दवाखाना बंद असायचा आणि शाळेत शेवटच्या तासाला ‘लेखक भेटीला’ असायचं, म्हणजे सगळं कसं मुद्दाम जुळवून आणल्यासारखं. ही शाळा झाली की ती शाळा, ती झाली की कुठल्यातरी सोसायटीतला आयांचा गट. धाकटी दोन मोजे हातात चढवून जायची आणि पिशवीभर चित्रं घेऊन यायची.

यात तिचं कर्तृत्व काय, तर ती पालक होती. बिट्टीची आई. त्यामुळे पालकांच्या ग्रुपवर ती हक्कानं होती. पुढच्या महिन्यात कुठल्या लेखकाला बोलवायचं ते त्या ग्रुपवरच ठरायचं. थोरलीला मूल नव्हतं. त्यासाठी जे काही करायचं ते सगळं करून झालं होतं आणि आता त्यावर घरात कुणी बोलत नसे. जन्मभर मुलांसाठी लिहिणारी बाई, आणि तिला पालकांच्या ग्रुपात पाय ठेवायला जागा नाही. सांगायचं तरी कुणाला?

तिच्या वाट्याला होती ती बिट्टी, आणि तीसुद्धा संध्याकाळपर्यंतच. आई-बाप कामावरून येईतो बिट्टी शाळेतून थेट खाली यायची. दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि स्वतः ओट्यावर चढून बसायची. मग थोरली कणीक मळता मळता नवी गोष्ट सांगायची. हीच तिची लिहायची पद्धत होती. आधी बिट्टीला सांगायचं, मग कागदावर उतरवायचं. बिट्टीनं जांभई दिली की तेवढा भाग गेलाच म्हणून समजा. जांभईवर अपील नव्हतं.

“मोठीआई, ही गोष्ट कुणाकुणाला सांगितलीस?” बिट्टी दर वेळी विचारायची.

“अजून कुणालाच नाही.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून ती पुढची बिस्किटं खायला मोकळी व्हायची.

या वर्षी ‘रुसलेली शिडी’ तयार होत होती. एक लाकडी शिडी असते. लोक तिच्यावर पाय देऊन वर जातात आणि तिला विसरतात. एक दिवस ती रुसते आणि कुणालाच चढू देत नाही. फक्त एका मुलीला देते. शेवट काही केल्या जमत नव्हता. थोरलीचं म्हणणं, हळूहळू रुसवा जाईल आणि शिडी सगळ्यांना चढू देईल. बिट्टीनं साफ नकार दिला.

“नाही. दुसऱ्या कुणाला चढू द्यायचंच नाही. कुणी आलं की तिनं पडायचं. धप्पकन!”

“अगं, पण बाकीच्या मुलांनी काय करायचं?”

“त्यांनी लिफ्टनं जावं.”

थोरली इतकी हसली की कणकेचा हात तिच्या कपाळाला लागला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे तिला पुढे कळायचं होतं.

तर ही शिडी घेऊन ती प्रकाशकांकडे गेली. प्रकाशक भला माणूस. जुना. त्यानं वाचलं, मान डोलावली, चष्मा पुसला. चष्मा पुसला म्हणजे नाही म्हणणार, हे थोरलीला अनुभवानं ठाऊक होतं.

“बाई, गोष्ट झकास आहे. पण हल्ली मुलांचं पुस्तक दुकानात पडून राहतं हो. ते शाळेतून खपतं, पालकांच्या ग्रुपातून खपतं. तुम्ही कधी शाळेत जाताना दिसत नाही. एका तरी शाळेत मुलांसमोर उभं राहून दाखवा. मुलं तुमच्याशी बोलतायत एवढं मला दिसू दे, की लगेच छापायला घेतो. नाहीतर...” आणि तो पुन्हा चष्मा पुसायला लागला.

म्हणजे आता शाळेत शिरल्याशिवाय शिडी छापली जाणार नव्हती. पुढचीही नाही, त्याच्या पुढचीही नाही. लेखिका म्हणून थोरलीचं दुकान बंद.

मग काय, कंबर कसली बाईनं. बिट्टीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मेल केली. उत्तर आलं, फार अदबीचं: आपल्याला त्रास द्यावा असं आम्हाला वाटत नाही. त्रास? तिनं तर स्वतःहून विचारलं होतं! मग ती शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहिली, पिशवीत ‘घोरणारा पंखा’च्या प्रती घेऊन. आयांशी ओळख काढावी, दोन शब्द बोलावेत. आया हसून बोलायच्या, नाही असं नाही. पण एखादं पोर जरा जवळ आलं, की लगेच त्याचा दंड धरून मागे ओढायच्या. “अरे, त्यांना त्रास देऊ नकोस!” एकीनं तर आपल्या रांगत्या बाळाला उचलून बाबागाडीत टाकलं आणि गाडी उलट्या दिशेला वळवली. जणू काही ही चावते!

थोरली घरी आली ती धुमसतच. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. कुणीतरी हिच्याबद्दल काहीबाही पसरवत होतं. कोण? विचारायला नकोच. ग्रुपवर कोण आहे? शुक्रवार कुणाचे जाणार आहेत? मोजे घालून कोण मिरवतं?

मोज्यांवरून आठवलं. एका सकाळी थोरलीनं नवऱ्याचा काळा मोजा हातात चढवला, त्याला दोन बटणं लावली आणि आरशासमोर उभं राहून त्याला बोलायला लावलं. “नमस्कार मुलांनो!” मोजा म्हणाला. आवाज थेट प्रकाशकासारखा. नवरा दाढी करायला आत आला आणि दारातच थबकला.

“अगं, हा माझा ऑफिसचा मोजा आहे.”

“आज दुसरा घाला.”

“पण तू करतेयस काय?”

“जळतेय,” ती म्हणाली. “तुमच्या भावाच्या बायकोवर. दिसत नाही?”

नवरा शहाणा होता. तो पांढरे मोजे घालून ऑफिसला गेला.

ठिणगी पडली ती जिन्यात. धाकटी दवाखान्यातून येत होती, थोरली कपडे वाळत घालायला चालली होती. धाकटी आपली सहज म्हणाली, “ताई, या शुक्रवारी पुन्हा बिट्टीच्याच शाळेत आहे हो माझं. कंटाळा आलाय खरं तर.”

कंटाळा! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बादली खाली आदळली.

“आलाय ना कंटाळा? मग दुसऱ्या कुणाचं नाव का पुढे येऊ देत नाहीस?”

“मी? ताई, मी दोनदा तुमचं नाव टाकलं ग्रुपवर. सगळे म्हणतात तुम्हालाच यायचं नसतं. शाळेनं दर वर्षी विचारलं म्हणे.”

“मला? कुणी विचारलं? कधी विचारलं? तोंडावर खोटं बोलताना काही वाटत नाही? एक पुस्तक लिहिलंस, दाढोबाचं, आणि गावभर ओवाळून घेतेस! मी काय इतकी वर्षं गवत उपटत होते?”

धाकटीचा चेहरा लाल झाला. ती गरीब होती असं कुणी समजू नये. दवाखान्यात रोज भांडखोर पेशंटना तोंड देणारी बाई ती.

“हे बघा, मला नकोयत तुमचे टोमणे. घ्या! माझा शुक्रवार तुम्ही घ्या. मी शाळेला कळवते. जा आणि ओवाळून घ्या स्वतःला!”

“घेईन! का घेऊ नये?”

“घ्याच!”

दोघी दोन दिशांना गेल्या. बादली जिन्यातच राहिली. वरच्या पायरीवर बिट्टी उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं, पण भांडणाच्या भरात तिच्याकडे बघायला कुणाला सवड होती?

शुक्रवारच्या आदल्या दिवशी बिट्टी ओट्यावर चढलीच नाही. बिस्किटाला हात नाही. पोटात दुखतंय म्हणाली.

“उद्या मी येणार ना तुझ्या शाळेत,” थोरली खुशीत म्हणाली. “शिडीची गोष्ट सांगणार.”

“ती नको.”

“बरं, पंख्याची सांगेन.”

“तू येऊच नको ना, मोठीआई. आईलाच जाऊ दे.”

थोरलीच्या हातातलं लाटणं थांबलं. आईलाच जाऊ दे. सकाळपासूनचा उत्साह एका वाक्यात गळाला. बिट्टीचा पहिला दात पडला तो या घरात. ताप आला की उशाशी बसायची ती हीच बाई. आणि चारचौघांत मिरवायची वेळ आली, की आई! शेवटी ज्याचं मूल त्याचंच, असं तिच्या मनात आलं, आणि ते इतकं झोंबलं की ती बिट्टीशी पुढे बोललीच नाही. बिट्टी बूट न घालताच वर निघून गेली.

शुक्रवारी थोरली ठेवणीतली साडी नेसून गेली. पिशवीत पुस्तकं, शिडीचं हस्तलिखित, आणि आयत्या वेळी लागला तर म्हणून तो काळा मोजा. मुलं कधी उसळून येतील, कोण काय विचारेल, याची उजळणी करतच ती हॉलच्या दारात पोहोचली.

हॉलमध्ये चिडीचूप. मुलं थेट पलीकडच्या भिंतीला टेकून बसली होती, प्रत्येकाच्या ओठांवर बोट. त्यांच्यापुढे खडूनं आखलेली जाड रेघ. मध्ये मोकळी फरशी, आणि मग या टोकाला एकटी खुर्ची. बाजूच्या बाकांवर काही पालक. कोपऱ्यात धाकटीही बसली होती, हाताची घडी घालून. मजा बघायला आली असणार, थोरलीला वाटलं.

वर्गाच्या बाई लगबगीनं पुढे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “काही काळजी करू नका. मुलांना सक्त ताकीद दिलीय. रेघेच्या पुढे कुणी येणार नाही, प्रश्न विचारणार नाही, तुम्हाला हात लावणार नाही. तुम्ही आलात हेच खूप झालं.”

“पण हे असं का?”

“अहो, आम्हाला कल्पना आहे ना. तुम्हाला मुलं आवडत नाहीत. जवळ आली की त्रास होतो.” बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. “बिट्टी पहिलीत होती तेव्हापासून सांगतेय. दर वर्षी आम्ही म्हणतो, बिट्टी, मोठ्या आईला विचार गं येतात का. दर वर्षी ती सांगते, तिला मुलं मुळीच आवडत नाहीत. असतं हो लेखकांचं काही काही.”

थोरलीला आधी शब्दच कळेनात. मग कळले, आणि तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मुलं आवडत नाहीत. तिला! देवानं दिलं नाही ते सोसलं होतं तिनं, पण हे? फाटकाशी दंड धरून मागे ओढलेली पोरं, ती वळवलेली बाबागाडी, मुख्याध्यापकांची ती अदब, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि हे सगळं केलं कुणी, तर बिट्टीनं! राग असा उसळला की कानात आवाज यायला लागला. एक वाक्य पुरे होतं. साफ खोटं आहे हे, विचारा त्या पोरीला. बाईंसमोर, पालकांसमोर, सगळ्या वर्गासमोर. थोरली मोकळी झाली असती, शिडी छापली गेली असती.

तिनं बिट्टीला शोधलं. बिट्टी रेघेमागे होती, बोट ओठांवर, चेहरा पांढराफटक. ती रडत नव्हती. ती नुसती मोठीआईकडे बघत होती, आता ही सांगणार, अशा नजरेनं. आणि तिच्या शेजारच्या मुलीनं जरा पुढे सरकून खुर्चीकडे नीट बघायला मान काढली, तर बिट्टीनं तिला कोपरानं मागे ढकललं.

ते कोपर थोरलीनं ओळखलं. न ओळखून कुठे जाईल? महिनोन्महिने तेच कोपर ती मनातल्या मनात धाकटीला मारत आली होती. कुणाकुणाला सांगितलीस? दुसऱ्या कुणाला चढू द्यायचंच नाही. त्यांनी लिफ्टनं जावं! अगं माझे बाई, थोरली मनात म्हणाली, तू तर माझ्यापेक्षा पुढची निघालीस.

ती खुर्चीवर बसली आणि घसा साफ केला.

“तुमच्या बाईंना जे सांगितलंय ना, ते अगदी खोटं नाही,” ती मोठ्यानं म्हणाली. “मला एकच मूल आवडायचं. बाकीच्यांची ओळखच नव्हती. आज म्हटलं बघावं तरी, कशी असतात.”

एक पोरगा फिसकन हसला. बाईंनी डोळे वटारले.

“हसू दे हो त्याला,” थोरली म्हणाली. “तर, एक होती शिडी.”

तिनं शिडीचीच गोष्ट सांगितली, मोज्याशिवाय, कणीक मळताना सांगायची तशी. शिडीवर कोण कोण पाय देऊन गेलं, ती कशी रुसली, कुणी आलं की कशी पडायची. “धप्पकन!” म्हटल्यावर मुलं दचकली, मग हसली, मग पुढच्या वेळी तिच्याआधीच “धप्पकन!” ओरडली. ओठांवरची बोटं कधीच खाली आली होती. रेघेवर गुडघे आले, मग रेघेच्या अलीकडे आले. बाईंनी अडवायला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. बाकावरच्या एका आईनं मोबाईल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. प्रकाशकाला जे बघायचं होतं ते हेच, पण थोरलीला त्या क्षणी प्रकाशक आठवलाही नाही.

“पण ती एकाच मुलीला का चढू द्यायची?” एका मुलीनं विचारलं.

थोरली उत्तर द्यायच्या आत बिट्टी उठली. मुलांच्या मधून वाट काढत, कुणाच्या बोटांवर पाय देत ती धावत आली आणि थोरलीच्या मांडीवर चढून बसली. सगळ्या वर्गासमोर, चौथीतली मोठी घोडी! थोरलीच्या गळ्यात तिनं हात टाकले आणि कानात म्हणाली, “मला वाटलं तू सगळ्यांची होशील.”

“हो का?” थोरली म्हणाली. “लबाड कुठली.”

तिनं बिट्टीला घट्ट धरलं, आणि तिच्या डोक्यावरून तिची नजर कोपऱ्यात गेली.

धाकटीच्या हाताची घडी सुटली होती. बिट्टी धावली होती ती तिच्या बाकाला घासून. आईच्या गुडघ्याला तिचा फ्रॉक लागला होता, पण ती थांबली नव्हती. धाकटी हसत होती, पालकांच्यात बसलेल्या आईनं हसावं तसं, आणि तिचा जबडा आवळलेला होता. “छान जमलंय हं,” म्हणताना थोरलीचा जसा आवळला होता, तसाच. तेच दुखणं. रोज दवाखान्यातून दमून यायचं आणि पोर खालून वर यायलाच तयार नाही. आली तरी तोंडी मोठीआईच्या गोष्टी. ही काय हौस म्हणून लिहायला बसली होती? दाढोबा कुणासाठी लिहिला होता तिनं? दवाखान्यातल्या पोरांसाठी? आणि ‘दाढोबा’ वाचताना बिट्टीनं मोठी जांभई दिली होती, हे थोरलीला स्वतः बिट्टीनंच सांगितलं होतं. थोरली तेव्हा किती खूश झाली होती!

“मग पुढे काय झालं शिडीचं?” मुलांनी कल्ला केला. “सांगा ना!”

शेवट अजून ठरला नव्हता. थोरलीनं पुन्हा एकदा कोपऱ्यातल्या धाकटीकडे पाहिलं.

“पुढे असं झालं,” ती म्हणाली, “की ती मुलगी अगदी वरच्या पायरीवर गेली आणि शिडी लागली डगमगायला. शिडी कितीही चांगली असली ना, तरी खालून कुणीतरी धरावी लागते. एकट्या शिडीला नाही जमत ते. मग कुणाला बोलवायचं?”

मुलं नावं सुचवायला लागली. शिपाईकाका, अग्निशमनवाले, हत्ती.

थोरलीनं बिट्टीला मांडीवरून हळूच उतरवलं. “जा, आईला घेऊन ये पुढे.”

बिट्टी गेली. धाकटी मान हलवत होती, नको नको म्हणत होती, पण पोरीनं हात धरून ओढतच आणलं. खुर्चीपाशी येऊन ती उभी राहिली. डोळे भरलेले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून खाली बघत होती.

“ताई, मी काय करू? मोजेसुद्धा आणले नाहीत मी आज.”

थोरलीनं पिशवीत हात घातला आणि बटणांच्या डोळ्यांचा काळा मोजा काढून तिच्यापुढे धरला.

“हा घे. आणि जरा जपून,” ती म्हणाली. “तुझ्या भाऊजींच्या ऑफिसचा आहे.”